कान पुढे गेला, गळा मागे राहिला

पत्र थोडक्यात असं: लिहिणाऱ्या बाई 56 वर्षांच्या आहेत. लहानपणी सात वर्षं शास्त्रीय गायन शिकल्या, प्रवेशिका पूर्णपर्यंत परीक्षा दिल्या. काळी 5 मध्ये (पेटीची पाचवी काळी पट्टी हा ‘सा’ म्हणजे षड्ज धरून) गायच्या, तार म्हणजे वरच्या सप्तकातला मध्यम सहज लागायचा. अठराव्या वर्षी गाणं सुटलं. ‘बंद कर’ असं कुणी म्हणालं नाही. आधी शिक्षण, मग नोकरी, मग संसार, आणि विषयच निघेनासा झाला. आपण गातो हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. घर रिकामं असलं की त्या गातात. गेल्या वर्षी त्यांनी एका वर्गात नाव घातलं. सोबत शाळकरी मुली, सगळ्यांना पट्टी काळी 5. तार षड्जाच्या वर आवाज फाटला, तासानंतर घसा बसला. ‘शेजारच्या मुलीचा गंधार चढा लागतोय हे मात्र मला लगेच कळत होतं,’ असं त्या लिहितात. तीन आठवड्यांत वर्ग सोडला. घरी सांगितलं तेव्हा यजमान म्हणाले, ‘आता या वयात कशाला?’ त्यांचे प्रश्न: आवाज गेला का? उशीर झाला का? गाण्याऐवजी पेटी शिकू का? शास्त्रीय शिकू की सोपी गाणी? आणि दोन वर्षांत निवृत्ती आहे, तोवर थांबू का?

तुमचे प्रश्न पाच आहेत, पण ते सगळे एकाच समजुतीवर उभे आहेत. अठराव्या वर्षी ठेवून दिलेला आवाज जागच्या जागी असायला हवा होता. वर्गात तो सापडला नाही, म्हणजे तो गेला. मला ही समजूतच तपासायची आहे.

गाण्याचं अंग आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी असतात. कान आणि गळा. कानाला रियाज नसला तरी खाद्य मिळत राहतं. इतकी वर्षं तुम्ही गाणं ऐकत होतात, मनात म्हणत होतात, चुकलेली जागा ओळखत होतात. शेजारच्या मुलीचा गंधार चढा आहे हे स्वतःचा आवाज फाटत असताना कळणं, याचा अर्थ कान जागा आहे आणि बहुधा अठराव्या वर्षीपेक्षा तयार आहे. गळा मात्र स्नायूंचा कारभार. तो 38 वर्षं ठरवून वापरला गेला नाही, आणि मधल्या काळात त्याची घडणही बदलली.

अडचण इथेच होते. कान पुढे आणि गळा मागे, या अंतरामुळे मोठ्या वयात पुन्हा सुरू करणारे अनेक जण पहिल्या काही महिन्यांत सोडतात. लहान मुलाचा कान आणि गळा बरोबरीने वाढतात, त्यामुळे आपण बेसूर गातो हे त्याला फारसं टोचत नाही. तुम्हाला प्रत्येक स्वर टोचणार. वर्ग सोडलात तेव्हा तुम्हाला वाटलं की कुवत संपली. मला पत्रातून दिसतं ते वेगळं: चुकीची पट्टी, लांबलेला तास, आणि फार चांगला कान.

आधी शरीराचं पाहू. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन कमी होतं आणि स्वरतंतूंचं आवरण बदलतं. ते थोडे जड होतात, लवकर कोरडे पडतात. आवाज खाली उतरतो. कूर्चा वयानुसार कडक होत जातात, स्वरतंतूंचा स्नायू बारीक होतो, श्वासाचा पल्लाही कमी होतो. दोन-तीन पट्ट्या खाली येणं यात काही विशेष नाही. (पुरुष वाचकांसाठी: तुमच्याकडे बऱ्याचदा उलट होतं. उतारवयात आवाज थोडा वर सरकतो आणि पातळ होतो, त्यामुळे पट्टी तुम्हालाही नव्याने शोधावी लागेल.) खाली उतरलेला आवाज म्हणजे बिघडलेला आवाज नव्हे. शास्त्रीय गायिका गंगूबाई हनगल यांचा आवाज तरुणपणी बारीक होता. गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर तो इतका खाली आला की न पाहता ऐकणाऱ्याला पुरुषाचा वाटावा. पुढची सगळी कारकीर्द त्यांनी त्याच आवाजावर केली. त्यांचं गाणं कधी सुटलं नव्हतं, हा तुमच्यातला आणि त्यांच्यातला मोठा फरक आहे, तेव्हा हे उदाहरण पट्टीपुरतंच घ्या.

आता पट्टी शोधा. हे काम कुणी ऐकत नसताना, कोणत्याही वर्गाच्या आधी करायचं. पेटी नसेल तर फोनवरचा कीबोर्ड चालेल. उठल्यावर निदान तासभर गेलेला असावा, पाच मिनिटं हलकं गुणगुणून झालेलं असावं. पांढरी 5 पासून एकेक पट्टी खाली ‘आ’ म्हणत या. जिथे आवाज नुसता घरघरतो किंवा हवा होतो तिथे थांबा. त्याच्या वरचा, स्पष्ट आणि न दाबता लागणारा स्वर टिपून ठेवा. मग वर जा, मध्यम आवाजात. मान ताणली जाते, हनुवटी उचलली जाते किंवा आवाज एकदम मोठा करावासा वाटतो, तिथे तुमची वरची हद्द संपली. असं चार दिवस करा आणि चारांतला सर्वांत वाईट दिवस खरा धरा.

ख्यालासाठी साधारण मंद्र (खालच्या सप्तकातल्या) पंचमापासून तार गंधारापर्यंत आवाज फिरावा लागतो. मंद्र पंचम षड्जाच्या पाच पट्ट्या खाली, तार शुद्ध गंधार 16 पट्ट्या वर (काळ्या-पांढऱ्या सगळ्या धरून). म्हणजे खालचा स्पष्ट स्वर पांढरी 2 निघाला तर तिथून पाच पट्ट्या वर, पांढरी 5, हा तुमचा षड्ज. तार गंधार मग वरच्या सप्तकातल्या पांढरी 7 वर येतो. तो ताण न देता लागतो का ते बघा. नाही लागला तर एक पट्टी खाली, काळी 4 कडे नव्हे, काळी 3 कडे जायचं. अगदी पांढरी 4 निघाली तरी हरकत नाही. काळी 5 ते पांढरी 5 हा फरक तीनच पट्ट्यांचा आहे, आणि तुमच्या वर्गात जे झालं ते बहुतेक सगळं या तीन पट्ट्यांत मावतं. पट्टी पुढे सहा महिन्यांनी पुन्हा तपासा. रियाजाने अर्धी-एक पट्टी वर सरकू शकते. सरकली नाही तरी काही अडत नाही.

फाटण्याबद्दल आणखी थोडं, कारण पट्टी बदलली तरी ती खोड राहील. खालचा भरीव आवाज आणि वरचा हलका आवाज यांची जोडणी बहुतेक बायकांच्या गळ्यात मध्य सप्तकाच्या वरच्या भागात येते. पांढरी 5 ला गाताना ती साधारण धैवत-निषादाच्या आसपास जाणवेल. खालचं वजन तसंच वर नेलं की त्या सांध्यावर आवाज तुटतो. ताकदीने तो सांधा पार होत नाही. ‘ऊ’ वर, अगदी हळू आवाजात, षड्जापासून तार षड्जापर्यंत मींड घेत, म्हणजे आवाज न तोडता सरकत, जा आणि तशाच परत या. पाच वेळा, रोज. मधे आवाज हुकला तर हुकू द्या. जोर लावून झाकू नका. आवाज लहान ठेवला तर काही आठवड्यांत सांधा मऊ होतो.

रियाजाचं वेळापत्रक. पहिले सहा आठवडे दिवसाला 25 मिनिटं, तीही दोन भागांत, आठवड्यातून सहा दिवस. ऐकायला फार कमी वाटेल. वर्गात तुमचा घसा बसला तो सलग तास गायल्यामुळे; न वापरलेला गळा पहिली पंधरा मिनिटं नीट साथ देतो, मग आजूबाजूचे स्नायू कामाला लागतात आणि नुकसान तिथून सुरू होतं.

सकाळच्या भागाची सुरुवात नळीने करा. साधी पिण्याची नळी, अर्ध्या भरलेल्या पेल्यात टोक एक-दोन सेंटिमीटर बुडवायचं आणि नळीतून ‘ऊ’ असा आवाज काढत बुडबुडे आणायचे. तीन मिनिटं. ओठांपाशी हवा अडल्यामुळे मागे थोडा दाब तयार होतो आणि स्वरतंतू कमी आपटून कंप पावतात. आवाजाचे उपचार करणारे तज्ज्ञ हे वापरतात, आणि गाणाऱ्यांनीही वापरावं. गाल फुगले किंवा बुडबुडे तुटक आले तर जोर जास्त होतोय.

मग तानपुरा लावून षड्ज. एका श्वासात आठ ते दहा सेकंद, सरळ, न हलवता, मध्यम आवाजात. वीस सेकंदांचा हट्ट नको. पाच-सहा वेळा झाल्यावर नी, ध, प असं मंद्रात हलकेच उतरा आणि परत या. खर्जाबद्दल, म्हणजे मंद्र स्वरांच्या रियाजाबद्दल, माझं मत रूढ सल्ल्यापेक्षा वेगळं आहे. पहाटे उठून अर्धा तास खर्ज भरा, हे तरुण गळ्याला ठीक. पन्नाशीनंतर सकाळी उठल्या उठल्या स्वरतंतू सुजरे असतात, अनेकांना रात्री पोटातलं आम्ल घशापर्यंत आलेलं असतं. त्यात मंद्र स्वर दाबून काढले की दिवसभर घसा खरखरतो. उठल्यावर तासभर जाऊ द्या. खर्ज हवाच, पण हलका.

संध्याकाळच्या भागात अलंकार. तीनच घ्या आणि सहा आठवडे तेच ठेवा: सारेग रेगम गमप, सारेसा रेगरे गमग, आणि सरळ आरोह-अवरोह. मिनिटाला 60 मात्रा, मात्रेला एक स्वर. आधी सरगम, मग आकार (नुसत्या ‘आ’ वर). आकारात सूर ढळला की सरगमवर परत या. दुगुनीची, म्हणजे दुप्पट गतीची, घाई तिसऱ्या आठवड्याच्या आत नको. शेवटची पाच मिनिटं आठवणीतली एखादी बंदिश, आवडेल ती. ही पाच मिनिटं बक्षीस म्हणून नाहीत. नुसते अलंकार केले की तुमच्यासारखा कान महिन्याभरात कंटाळतो.

जास्त झालं हे कसं ओळखायचं? रियाजानंतर अर्ध्या तासाने बोलताना आवाज आधीपेक्षा खरखरीत असेल, खाकरावंसं वाटत असेल, गिळताना बारीक जळजळ असेल, तर आजचं प्रमाण जास्त होतं. उद्या पाच मिनिटं कमी. खाकरणं टाळा, त्याने स्वरतंतू एकमेकांवर आदळतात. घोटभर पाणी गिळा. पाण्याविषयी एक गैरसमज फार पसरलेला आहे. प्यालेलं पाणी अन्ननलिकेतून जातं, स्वरतंतूंना ते लागतच नाही. गाताना बाजूला बाटली ठेवून भागणार नाही, दिवसभर थोडं थोडं प्यावं लागतं. वाफ मात्र थेट पोचते. पाच मिनिटं साध्या पाण्याची वाफ पुरे. थंडावा देणाऱ्या गोळ्या चघळून गाऊ नका, त्या दुखणं झाकतात आणि तुम्ही पुढे गात राहता.

आता पेटी. तुमच्याकडे ती असेल तर तिचा एक सापळा सांगायला हवा. प्रत्येक स्वराबरोबर पेटी दाबत गायलं की गळा पेटीच्या मागे लपतो. बंद केली की सूर सुटतो. शिवाय पेटीचे स्वर समान अंतरांवर बसवलेले असतात. तिचा शुद्ध गंधार तानपुऱ्याशी जुळणाऱ्या गंधारापेक्षा सुमारे 14 सेंट चढा असतो (लगतच्या दोन पट्ट्यांमध्ये 100 सेंट). तुमच्यासारख्या कानाला हे खटकेल आणि तुम्ही स्वतःलाच दोष द्याल. नीट लागलेल्या तानपुऱ्यात खर्जाच्या तारेतून स्वयंभू, म्हणजे आपोआप उमटणारा, गंधार ऐकू येतो. गंधार लावायला तोच आधार घ्या. पेटी उत्तरपत्रिकेसारखी वापरा: आधी स्वर लावा, मग पट्टी दाबून पडताळा. यंत्रातला तानपुरा चालेल. तो आपल्या आवाजापेक्षा किंचित लहान ठेवा, नाहीतर नकळत त्याच्यावर ओरडून गायलं जातं.

दर पंधरा दिवसांनी एक मिनिट ध्वनिमुद्रण करा. फोन साधारण हातभर लांब, तानपुरा दुसऱ्या यंत्रावर, आणि दर वेळी तोच मजकूर: एक लांब षड्ज, एक अलंकार, बंदिशीचं स्थायीचं तोंड. त्याच दिवशी ऐकू नका. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा धक्का बसेल, कारण स्वतःचा आवाज आपण एरवी कवटीच्या हाडांतूनही ऐकतो आणि तो भरदार वाटतो. फोनमधल्या आवाजात हाडांचा भाग नसतो. तो पातळपणा मोजू नका. तीनच गोष्टी ऐका: षड्ज शेवटच्या दोन सेकंदांत उतरतो का, श्वास ओळीच्या मधे तुटतो का, अवरोहात गंधार-रिषभ खाली पडतात का. पहिल्या दोन महिन्यांत या तिन्ही गोष्टी होतात, आणि तिघींचं मूळ बहुधा श्वास संपत आल्यावरही गात राहण्यात असतं. वाक्य लहान करा. श्वास मोठा करण्याच्या मागे नंतर लागता येईल.

शिक्षक निवडताना गायकाचं नाव मोठं असण्यापेक्षा तो मोठ्या वयाच्या गळ्याशी कसा वागतो हे महत्त्वाचं. फोनवरच विचारा: माझ्या पट्टीत शिकवाल का? एकटीची शिकवणी देता का, की गटातच? तास किती लांब? तालीम ध्वनिमुद्रित करू द्याल का? मोठ्या वयात पुन्हा सुरू केलेले विद्यार्थी आहेत का? ‘पट्टी हळूहळू चढेल, आपण काळी 5 लाच आणू’ असं कुणी म्हणालं तर नम्रपणे रजा घ्या. पुरुष गुरू असतील तर एक जुनी सोय आहे: गुरूंचा मध्यम किंवा पंचम म्हणजे शिष्येचा षड्ज. गुरू काळी 1 ला गात असतील तर त्यांचा मध्यम काळी 3 आणि पंचम काळी 4. तुमच्या बदललेल्या आवाजाला मध्यमाची जोडणी सोयीची पडेल. पण ते स्वतःच्या पट्टीत गाऊन दाखवत असतील तर तुम्हाला प्रत्येक वाक्य मनात उचलून न्यावं लागेल. सुरुवातीला ते जड जातं. तेव्हा तुमच्या पट्टीत स्वर दाखवायला सांगा. चार तालमी ठरवून घ्या आणि मग निर्णय घ्या. चौथ्या तालमीनंतर घसा ठीक असेल आणि एक तरी चूक नेमकी कुठे होते हे तुम्हाला समजलं असेल, तर शिक्षक योग्य आहेत.

शाळकरी मुलींच्या वर्गात पुन्हा जाऊ नका. मुली लहान म्हणून नव्हे. सगळ्यांना एकच पट्टी आणि गतीचे अलंकार, हा तिथला शिरस्ता तुमच्या गळ्याच्या नेमका विरुद्ध आहे.

शास्त्रीय की सोपी गाणी, या प्रश्नात ‘सोपी’ हा शब्द मला जरा खटकतो. भावगीतात शब्द सांभाळून, श्वास लपवून, मोजक्या जागेत सूर लावावा लागतो. छोटा ख्याल तुम्हाला निदान चुकायला आवर्तनं देतो. पण तुमची मूळ तालीम शास्त्रीय आहे, ती उगवून यायला वेळ लागत नाही. म्हणून माझा कौल असा: सहा महिने एकच राग. भूप घ्या, किंवा यमन. भूपात मध्यम-निषाद नसल्यामुळे स्वरांमधली अंतरं स्पष्ट असतात आणि फिरायला जागा मिळते. यमनात तीव्र मध्यम आणि निषाद सांभाळावे लागतात, पण यमन तुम्ही पूर्वी नक्की शिकला असाल आणि जुनी ओळख कामी येते. मध्य लयीतली तीनतालातली बंदिश, सोळा मात्रा, समेला (पहिल्या मात्रेला) टाळी देत. पाचव्या आणि तेराव्या मात्रेला टाळी, नवव्याला खाली. तबल्याच्या यंत्रावर लय इतकी धीमी ठेवा की हाताने टाळी देत गाता येईल. मग दोन-चार मात्रांचे आलाप आणि समेवर परत येणं. त्याबरोबर महिन्याला एक गाणं, स्वतःच्या पट्टीत. तयार संगीतावर गायचं असेल तर मूळ पट्टी दोन-तीन पट्ट्यांनी खाली आणता येते. मूळ पट्टीत गायलं तरच खरं, हा हट्ट सोडा. वृंदगान जवळपास कुठे चालत असेल तर तेही पाहा. तिथे खालच्या आवाजाच्या बायकांची बऱ्याचदा गरज असते.

वर्षभरात काय होईल? तीन महिन्यांत षड्ज-पंचम हलायचे थांबतील. सहा महिन्यांत एक राग दहा मिनिटं, बंदिश आणि सात-आठ आलापांसह. वर्षाअखेर दोन किंवा तीन राग, आणि स्वतःच्या आवाजाचा राग येणं कमी झालेलं. द्रुत तानांचा वेग बहुधा पूर्वीसारखा येणार नाही, हे आत्ताच सांगून ठेवते. लय, ठहराव, शब्दांचा अर्थ या बाजू मात्र अठराव्या वर्षी तुमच्याकडे नव्हत्या. ‘तेव्हा चालू ठेवलं असतं तर काय झाले असते मी?’ हा प्रश्न पत्रात तुम्ही विचारलेला नाही, पण ओळींमधून तो दिसतो. त्याचं उत्तर कुणाकडेच नाही, आणि रियाजाच्या 25 मिनिटांत त्याला जागा देऊ नका.

गाण्याऐवजी पेटी, हा विचार गळा गेला या भीतीतून आलाय, म्हणून आत्ता नको. पेटी खरंच वाजवावीशी वाटत असेल तर सहा महिन्यांनी जरूर. वाद्याकडेच ओढा असलेल्या वाचकांसाठी: बोटांचे सांधे सकाळी आखडत असतील तर सतारीची तार आणि लांब बासरीची दूरदूरची भोकं त्रास देतात, पेटीला बोटांवर सर्वांत कमी ताण, फक्त भाता ओढताना खांदा वर उचलू नका.

घराविषयी. तुम्ही लिहिता की कुणी बंद कर म्हणालं नाही. मग यजमानांच्या ‘आता या वयात कशाला’ यात विरोध कितपत आणि आश्चर्य कितपत, हे एकदा विचारून पाहायला काय हरकत आहे? तुम्ही गाता हेच त्यांना माहीत नव्हतं. इतक्या वर्षांनी कळल्यावर माणूस काहीतरी बोलून जातो. परवानगी मागू नका आणि गाऊन दाखवून सिद्धही करू नका. फक्त वेळ सांगा. ‘सकाळी आठ वाजता बारा मिनिटं आणि संध्याकाळी तेवढीच, दार लावून. कसं झालं हे विचारू नका.’ शेवटचं वाक्य महत्त्वाचं, कारण रियाज ऐकायला सुंदर नसतो आणि घरचे फक्त रियाजच ऐकतात. बुडबुडे आणि अडकलेला धैवत ऐकून कुणी हसलंच, तर हसू द्या. ते खरंच विचित्र ऐकू येतं. लपवून गाण्याचा एक शारीरिक तोटाही आहे. कुणी ऐकेल म्हणून आपण श्वास रोखून, घसा आवळून, पुटपुटल्यासारखं गातो, आणि तुमच्या गळ्याला ती सवय अनेक वर्षांची आहे. दार बंद असूनही आवाज दबका येत असेल तर कारण तिथे शोधा.

निवृत्तीपर्यंत थांबू नका. या कामाला मोकळा दिवस लागत नाही. रिकामा दिवस मिळाला की लोक पहिल्याच आठवड्यात दोन-दोन तास गातात आणि घसा बसवून घेतात. नोकरीच्या दिवसांतली अपुरी वेळ तुमच्या गळ्यासाठी सध्या सोयीची आहे. परीक्षा मात्र पहिल्या वर्षी नको. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षांना मोठ्या वयाचे विद्यार्थी बसतात आणि मध्यमा प्रथम ही तुमची पुढची पायरी आहे, पण एका वर्षात अनेक राग उरकण्याच्या नादात पट्टी आणि सांधा हे दोन्ही मागे पडतील.

राहिली वैद्यकीय बाजू, ती रियाज सुरू करण्याच्या आधी निपटा. एक घरगुती चाचणी आहे. दीर्घ श्वास घेऊन ‘स्स्स’ जास्तीत जास्त किती सेकंद टिकतो ते मोजा. मग ‘झरा’मधल्या झ सारखा आवाज, गळ्यातून कंपनासह, तसाच लांबवा. दोन्ही साधारण सारखे टिकायला हवेत. स 20 सेकंद आणि झ 13-14 सेकंदांतच संपत असेल, तर स्वरतंतू पूर्ण मिटत नसण्याची शक्यता आहे. यावरून निदान होत नाही, पण कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जायला एवढं कारण पुरे; दुर्बिणीने स्वरतंतू पाहायला काही मिनिटं लागतात. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त टिकलेला घोगरेपणा, गिळताना दुखणं, किंवा न गाताही आवाज अचानक बदलणं, यांत चाचणीचीही वाट पाहू नका. थायरॉइड कमी असेल तर आवाज जड होतो. दम्याचा स्टेरॉइडचा पंप घेत असाल तर घसा बसू शकतो. पंपानंतर चूळ भरा आणि डॉक्टरांना गाण्याविषयी सांगा. सर्दीच्या काही गोळ्या घसा कोरडा करतात. आणि एकदा श्रवणचाचणीही करून घ्या, विशेषतः एकाच स्वराची उंची दोन कानांना वेगवेगळी वाटत असेल तर. तो दोष सुराचा नसतो, आणि त्यावर कितीही रियाज केला तरी तो सुटत नाही.